दागिना मुशीत परत जाऊ नये म्हणून

सोनं टिकतं, दागिने टिकत नाहीत. हे सोनारकाम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं, कारण मोडीत आलेला दागिना मुशीत टाकायचं काम आमच्याच हातून होतं. सोनं गंजत नाही, काळं पडत नाही. बल्गेरियात वार्ना इथे 1972 मध्ये जमिनीतून निघालेले सोन्याचे दागिने सुमारे साडेसहा हजार वर्षं जुने आहेत आणि अजून पिवळेधमक आहेत. पण ते वाचले याचं कारण ते थडग्यांमध्ये होते. जे दागिने जिवंत माणसांच्या हातात राहिले, त्यांतले बहुतेक कधी ना कधी वितळले. 1064 अंश सेल्सिअसला सोनं वाहायला लागतं आणि त्या क्षणी कुणाची तरी महिनोन्‌महिन्यांची घडण संपते. उरतं ते वजन.

बेनवेनुतो चेलिनी हा सोळाव्या शतकातला फ्लोरेन्सचा नामांकित सोनार. 1527 मध्ये रोमची लूट सुरू असताना पोप सातवा क्लेमेंट किल्ल्यात अडकून पडला होता. तेव्हा पोपच्या मुकुटांतले खडे उचकटून सोनं वितळवायचं काम याच चेलिनीकडे आलं. आधीच्या कारागिरांनी जीव ओतून केलेलं काम त्याने स्वतः मुशीत घातलं. पुढे त्याच्या कामाचंही तेच झालं. सोन्यातलं त्याचं मोठं काम म्हणून आज आपण बोट दाखवू शकतो ते व्हिएन्नाच्या संग्रहालयातल्या एका मीठदाणीकडे. ती त्याने 1540 ते 1543 या काळात घडवली. मी शिकत असताना हे पहिल्यांदा वाचलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून गेलेलं नाही.

डिझाइनबद्दल मी जे काही मानते ते इथून सुरू होतं. दागिन्याला मुशीपासून वाचवणारी गोष्ट एकच आहे, कुणाला तरी तो मोडवत नाही. नुसता देखणा दागिना लोक सहज मोडतात. पेटीत ठेवलेल्या दागिन्याशी नातं जडत नाही, त्याचं फक्त मोल कळतं. जो रोज अंगावर असतो, ज्याची बोटाला इतकी सवय झालेली असते की काढल्यावर बोट उघडं वाटतं, तो मोडायला हात धजत नाही. म्हणून मी नवा दागिना काढायला घेते तेव्हा तो पहिल्या दिवशी कसा दिसेल याचा विचार नंतर करते. आधी ठरवते तो चाळिसाव्या वर्षी कसा असेल. वापराने सोनं झिजणारच आहे. ती झीज कुठे व्हावी, कशी दिसावी, हे आखणं माझं काम आहे.

त्यामुळे कुणी अंगठी घडवायला येतं तेव्हा माझे प्रश्न कधीकधी विचित्र वाटतात. कुठला हात जास्त चालतो? रात्री काढून ठेवणार की घालूनच झोपणार? शेजारच्या बोटात काही आहे का? कामाच्या वेळी हातमोजे घालता का? फुलं-पानं हवीत की साधी रेघ, हे फार पुढचं.

हे प्रश्न मला दुरुस्तीच्या कामांनी शिकवले. दुरुस्तीला आलेला दागिना नीट पाहिला तर त्याचा सगळा इतिहास त्यावर लिहिलेला असतो. अलीकडचीच एक अंगठी सांगते. अठरा कॅरेटची, मधे नीलम, चार प्रॉन्गवर, म्हणजे चार नख्यांनी धरलेला. वरून पाहिलं तर ठीकठाक. उलटी करून तळहाताकडची बाजू मापली तर पट्टी एका मिलिमीटरपेक्षाही कमी उरलेली, तर खड्याच्या खांद्यापाशी तीच पट्टी जवळजवळ दोन मिलिमीटर. सगळी झीज तळाला झाली होती, कारण दाराच्या मुठी, पिशव्यांचे बंद, गाडीचं चाक, सगळं तिथेच घासतं. एका कडेला सपाट पट्टा तासल्यासारखा उतरला होता. शेजारच्या बोटातली अंगठी त्या जागी घासत होती, आणि पट्टा पाहून ती हिरे जडवलेली असणार हे कळत होतं. कडेने उघडे ठेवलेले हिरे शेजारच्या सोन्यावर कानशीसारखे चालतात. चार नख्यांपैकी दोन झिजून खड्याशी सपाट झालेल्या, आणि तिसरी किंचित उचललेली, तिच्याखाली लोकरीचा एक तंतू अडकलेला. खड्याच्या मागे साबण आणि मळ घट्ट बसला होता. त्या अंगठीवर कुणीतरी मनापासून प्रेम केलं होतं. ती घडवणाऱ्याने मात्र फक्त वरून चित्र काढलं होतं.

दुरुस्ती करताना नीलम आधी काढला. नीलम आच बऱ्यापैकी सोसतो, पण डाख देताना, म्हणजे सोन्याआधी वितळणाऱ्या मिश्रधातूने जोड सांधताना, लावलेला टाकणखार तापला की नीलमाचा वरचा थर खातो आणि पैलूंची झिलई जाते. तळाची झिजलेली अर्धी पट्टी कापून काढली, जाड सळई ठोकून तिला बाक दिला, टोकं कानशीने इतकी जुळवली की उजेडासमोर धरल्यावर फट दिसेना. मग कठीण डाख, म्हणजे जास्त आचेला वितळणारा. डाख आचेच्या दिशेने धावतो, म्हणून ज्योत जोडावर न रोखता दोन्ही बाजूंनी सोनं सारखं तापवायचं. वेळ आली की तो एका दमात सांध्यातून फिरतो, आणि ज्योत त्याच श्वासात बाजूला घ्यावी लागते.

रोजच्या अंगठीची पट्टी मी तळाला वरच्यापेक्षा जाड ठेवते. बहुतेक अंगठ्यांमध्ये उलटं असतं, वर सोनं दिसतं म्हणून वर जाडी आणि खाली दिसत नाही म्हणून बचत. आतली बाजूही सपाट ठेवत नाही. तिला हलका फुगवटा देते, म्हणजे कडा बोटात रुतत नाहीत. हे कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाला पहिल्याच मिनिटाला समजतं. ज्यांच्या हाताखाली मी शिकले ते मास्तर अंगठी बघायला दिली की आधी डोळे मिटून घालायचे. मग बोलायचे.

धातूची निवडही मला याच नजरेने करावी लागते. अठरा कॅरेट म्हणजे हजारात 750 भाग सोनं. उरलेल्या 250 भागांत तांबं आणि चांदी सारखी असेल तर रंग पिवळा राहतो, तांबं वाढलं की तांबूस होतो, चांदी वाढली की हिरवट झाक येते. तांबूस सोनं मला फार आवडतं, पण त्याचा स्वभाव सांभाळावा लागतो. ताव दिल्यावर, म्हणजे तापवून मऊ केल्यावर, ते लगेच पाण्यात विझवायचं. हळूहळू निवू दिलं तर सोन्याचे आणि तांब्याचे अणू आपापल्या ठरावीक जागा धरतात, धातू कडक होतो आणि पुढच्या बाकाला तडकतो. पांढऱ्या सोन्याबाबत माझं मत ठाम आहे. जो लखलखीत पांढरा रंग लोकांना दिसतो तो बहुतेक वेळा वरच्या ऱ्होडियम या पांढऱ्या धातूच्या मुलाम्याचा असतो, जेमतेम मायक्रॉनभर किंवा त्याहूनही पातळ. रोजच्या अंगठीवर तो तळातून आधी उडतो आणि मग अंगठी दोन रंगांची दिसते. मी पॅलेडियम घातलेलं पांढरं सोनं वापरते आणि ते मुलाम्याविना तसंच ठेवते. त्याचा रंग थोडा राखाडी, थोडा उबदार असतो. जितकं झिजेल तितकं आतून तेच निघतं. ज्याचा रंग झिजल्यावर खोटा ठरणार आहे अशा वस्तूवर मी माझा ठसा मारू शकत नाही.

प्लॅटिनमची झीज वेगळीच असते. सोन्यावर ओरखडा पडला की कण निघून जातो. प्लॅटिनमवर धातू बाजूला सरकतो, तिथेच राहतो, आणि कालांतराने पृष्ठभागावर एक मऊ धूसरपणा येतो. तो पुसून पुन्हा आरसा करून द्या म्हणून लोक येतात तेव्हा मी आधी त्यांना तो धूसरपणा भिंगातून दाखवते. पुष्कळजण मग तसाच ठेवतात.

खड्यांबद्दल बोलायचं तर सुरुवात धुळीपासून करायला हवी. साध्या धुळीत क्वार्ट्झचे बारीक कण असतात, आणि क्वार्ट्झचा कठीणपणा मोहसच्या मापनात 7 आहे. म्हणजे 7 पेक्षा मऊ असलेला कुठलाही खडा नुसत्या कोरड्या फडक्याने पुसतानाही चरे घेऊ शकतो. माणिक आणि नीलम 9, हिरा 10, त्यांना भीती नाही. ओपल साधारण साडेपाच ते साडेसहा, मोती त्याहून बराच मऊ. ओपलमध्ये तर पाणीही असतं, आच आणि कोरडेपणा त्याला सोसत नाही. ओपलची अंगठी रोज घालायची आहे असं कुणी म्हटलं तर मी नाही म्हणते आणि तोच खडा गळ्यात किंवा कानात सुचवते. तिथे तो घासला जात नाही, त्याचे रंगही माणूस हलेल तसे हलतात. पाचू कठीण असतो पण आतून भेगाळलेला, त्याच्या कोपऱ्यांना मी कधीही नखी देत नाही, चारही बाजूंनी कोंदणाची भिंत देते. 1886 मध्ये न्यूयॉर्कच्या टिफनी या जवाहिऱ्यांनी सहा नख्यांवर हिरा पट्टीच्या वर उचलून धरण्याची पद्धत आणली आणि तेव्हापासून एकट्या हिऱ्याच्या अंगठीचं चित्र लोकांच्या मनात तेच आहे. ती रचना सुरेखच आहे, हिऱ्याला चहूबाजूंनी उजेड मिळतो. पण उंच उचललेला खडा प्रत्येक बाहीत आणि प्रत्येक खिशात अडकतो. दिवसभर हात राबतो अशा माणसाला मी खडा खाली बसवून देते.

हिऱ्याचा मागचा भाग हा माझा लाडका विषय आहे. हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे तो उजेड किती वाकवतो त्याचं माप, 2.42. आत शिरलेला उजेड मागच्या पैलूंवर साधारण साडेचोवीस अंशांहून तिरका पडला तर बाहेर न जाता आतच परततो आणि वरून डोळ्यात येतो. हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या घराण्यातल्या मार्सेल तोल्कोव्स्कीने 1919 मध्ये पैलूंच्या कोनांचं गणित मांडलं ते याच आधारावर. पण हे सगळं मागच्या बाजूला हवा असेल तर. तिथे साबणाचा किंवा तेलाचा थर बसला की तो कोन बदलतो, उजेड मागून गळतो आणि हिरा मरगळतो. आणि हिऱ्याला तेलकटपणा फार चिकटतो. खाणीतल्या खडीतून हिरे वेगळे करायला ग्रीस फासलेली टेबलं वापरायचे ती याच गुणामुळे. तर मग हिऱ्याच्या मागची जागा बंद ठेवून कसं चालेल? मऊ ब्रशचा केस जिथे पोचत नाही अशी जागा मी खड्यामागे ठेवत नाही. त्या मागच्या जाळीला मी पुढच्या बाजूइतकाच वेळ देते. करवतीचं केसाएवढं पातं, आतून कानस, मग दोऱ्याला पॉलिश लावून प्रत्येक भोकातून ओढायचं. दागिना घालणाऱ्याला तो मागूनच जास्त वेळा दिसतो, उतरवताना, धुताना, हातात घेऊन बसल्यावर. त्या बाजूची लाज वाटावी असं काम मी बाहेर जाऊ देत नाही.

कानातल्यांमध्ये तर सगळा खेळ तोलाचा. दांडी गुरुत्वमध्याच्या खाली बसली की कानातलं पुढे कलतं आणि चेहऱ्याऐवजी जमिनीकडे बघतं. म्हणून दांडी वरच्या तिसऱ्या भागात. शुद्ध सोन्याची घनता 19.3, चांदीची 10.5. चांदीत करून पाहिलेला नमुना सोन्यात केला की तो जड होणारच, अठरा कॅरेटमध्येही जवळजवळ दीडपट. मोठे आकार म्हणून मी पोकळ करते, पातळ पत्रा आतून उठवून. नमुना आधी स्वतः घालून काम करते. मान वळवल्यावर तो किती वेळाने थांबतो, फोन कानाला लावल्यावर कुठे टोचतो, हे कागदावर कळत नाही. संगणकावर तर मुळीच नाही, स्क्रीनवर कशालाच वजन नसतं. मी संगणक वापरते, त्यातून मेणाचे साचे छापून ओतकामही करते. नख्यांची गुंतागुंतीची टोपली त्यात अचूक येते. पण पट्टी मात्र ठोकून आणि लाटून केलेल्या सळईचीच. ओतलेल्या सोन्यात बारीक छिद्रं राहू शकतात. ठोकलेलं सोनं घट्ट होतं आणि बाक धरून ठेवतं.

एवढं सगळं टिकण्याबद्दल बोलल्यावर कुणी विचारेल, मग कलेचं काय? फ्रेंच दागिनेकार रने लालिकचं 1897–98 मधलं ते प्रसिद्ध काम आठवा, चतुराच्या पंखांची स्त्री, आज लिस्बनच्या गुलबेंकियन संग्रहालयात आहे. सुमारे 27 सेंटिमीटर रुंद. पंखांत मागे पत्रा नसलेला, आरपार उजेड जाणारा मीना. रोज घालायची ती वस्तूच नाही. मला ते काम जीव की प्राण आहे. आणि त्यातही मला सगळ्यात भावते ती गोष्ट म्हणजे त्या पंखांना दिलेल्या बिजागऱ्या. छातीवर लावल्यावर पंख अंगाबरोबर हलावेत, अडून मोडू नयेत, ही काळजी त्या माणसाने घेतली आहे. कल्पना कितीही उंच गेली तरी तिने अंगाला विचारलं पाहिजे, असं मला वाटतं ते अशा कामांकडे बघून.

माझ्या स्वतःच्या कामात सौंदर्याची जागा म्हणजे सावली. लखलखाट कुणीही करू शकतं, झिलईचं चाक पाच मिनिटांत करून देतं. सावली घडवावी लागते. म्हणून मी रव्याच्या कामाकडे वळले. प्राचीन इटलीतले इट्रुस्कन कारागीर सनपूर्व सातव्या शतकात 0.2 मिलिमीटरहूनही बारीक सोन्याचे रवे पत्र्यावर बसवायचे, आणि जोड दिसायचा नाही. एकोणिसाव्या शतकात रोमच्या कास्तेलानी या सोनार घराण्याने ते हरवलेलं तंत्र पुन्हा उभं करण्यासाठी खूप खटपट केली. इंग्लंडच्या लिटलडेल या कारागिराने 1933 मध्ये त्यावर पेटंट घेतलं. त्याची रीत सुंदर आहे. तांब्याचा क्षार आणि डिंक किंवा सरस यांच्या मिश्रणाने रवे चिकटवायचे. तापल्यावर सरसाचा कोळसा होतो, तो कोळसा क्षारातला ऑक्सिजन ओढून घेतो, मागे शुद्ध तांब्याचा अतिपातळ थर उरतो, आणि तो सुमारे 890 अंशांना सोन्याशी एकरूप होतो. सोनं स्वतः वितळायच्या कितीतरी आधी.

रवे करायला तार बारीक कापून कोळशाच्या भुकटीत मिसळून मुशीत तापवते. प्रत्येक तुकडा वितळताना आपणहून गोल होतो. चाळून मापं वेगळी करायची, मग एकेक रवा बारीक कुंचल्याच्या टोकाने जागेवर. सुकू द्यायचं. मग आच, खालून, संथ. पत्रा तांबूस होतो, मग केशरी, आणि एका क्षणी सगळ्या रव्यांवरून एक ओली लकाकी सरकते. जोड झाला. अर्धा क्षण जास्त थांबलं तर रवे पत्र्यात बुडतात. साध्या डाखेने हेच केलं तर डाख रव्यांच्या बुडाशी भरून राहतो आणि सावली जाते. या रीतीने रवा पत्र्याला फक्त एका बिंदूवर धरतो, त्याच्याखाली काळोखाची बारीक कड राहते, आणि त्या कडेमुळे सोनं खोल दिसतं.

मी रव्यांचं शेत नेहमी कडेच्या खाली बसवते. कड थोडी उंच, गोलसर, जाड. रोजचं घासणं ती कड घेते आणि वर्षानुवर्षं हळूहळू उजळत जाते, तर आतले रवे तसेच मॅट आणि सावलीत राहतात. म्हणजे जितका जुना होईल तितका हा दागिना अधिक स्पष्ट दिसेल. आरशासारखी झिलई दिलेला दागिना पहिल्या आठवड्यातच चरे पडायला लागून उतरणीला लागतो. अशी उतरण मला घडवायची नसते. कुणी चार-पाच वर्षांनी दागिना धुवायला आणून देतं आणि त्याची कड उजळलेली दिसते, तेव्हा मी तो चाकावर धरत नाही. कोमट पाण्यात मऊ ब्रशने धुते, नख्या भिंगातून तपासते, आणि परत देते.

आणि प्रत्येक दागिन्यासोबत मी एक कागद देते. त्यावर मिश्रधातूत काय किती आहे, कुठल्या सांध्याला कठीण डाख आहे आणि कुठल्याला मध्यम, खड्यांची मापं, बिजागरीत कुठल्या धातूचा खिळा आहे, हे सगळं लिहिलेलं असतं. तो कागद घेणाऱ्याला वाटतं हमीपत्र आहे. खरं तर तो पुढच्या सोनारासाठी आहे, जो मला ओळखत नसेल आणि ज्याच्यापुढे दुरुस्त करू की वितळवू हा प्रश्न असेल. परवा दिलेल्या ब्रोचच्या कागदावर शेवटी लिहिलं, ओपल काढल्याशिवाय आच देऊ नये, मागचे दोन स्क्रू फिरवले की कोंदण आख्खं सुटतं.